नव्या घरातील मांजर : पहिले पंधरा दिवस

मांजर माणसावर नव्हे, घरावर जीव लावते, अशी जुनी समजूत आहे. ती पूर्णपणे खरी नसली तरी तिच्यात निरीक्षण आहे. कुत्रा नव्या घरात आला की प्रथम माणसे शोधतो, मांजर प्रथम लपण्याची जागा शोधते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच हौसेने आणलेले मांजर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड्या दारातून नाहीसे होते. कधी ते पलंगाखालून बाहेरच येत नाही, आणि शेवटी ‘हे काही रुळत नाही’ असे म्हणून कोणीतरी त्याला पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येते. पाळीव प्राण्याला उपासमार वा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते.

वऱ्हाडात मांजर पूर्वीपासून आहे, पण ते पाळण्याची रीत वेगळी होती. धाब्याच्या घरात, धान्याच्या कोठीजवळ वा सरकीच्या ढिगांपाशी उंदीर असत, म्हणून मांजरही असे. ते येई-जाई, मिळेल ते खाई आणि पिल्लांना सात घरे फिरवून मोठे करी. अमरावती-अकोल्यातील सदनिकांमध्ये हे चित्र बदलले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मांजराला पळण्यासाठी ना माळा आहे, ना परसदार. त्याच्या खाण्यापिण्याची, शौचाची, भीतीची आणि कंटाळ्याचीही जबाबदारी घरातील माणसांवर येते.

पिल्लू आणायचे असेल तर ते आठ आठवड्यांच्या आतले नसावे. आईच्या व भावंडांच्या सहवासात ते चावण्याची, नखे मारण्याची मर्यादा शिकते. फार लवकर तोडलेले पिल्लू पुढे अकारण बोचकारते व भित्रे निघते. अमरावतीहून अकोल्यापर्यंतचा प्रवासही त्याला मांडीवर घेऊन करू नये. झाकणाच्या मजबूत टोपलीत वा पिंजऱ्यात त्याच्या जुन्या जागेचे एखादे फडके घालून न्यावे. ते फडके धुऊ नये. मांजराला ओळखीची जागा डोळ्यांपेक्षा नाकाने कळते.

घरी आल्यावर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याला सारे घर दाखवू नये. एकच खोली द्यावी, दार लावावे आणि टोपलीचे झाकण उघडून बाजूला व्हावे. खोलीच्या एका कोपऱ्यात खाणे-पाणी, शक्य तितक्या दूर दुसऱ्या कोपऱ्यात शौचाचे पसरट भांडे आणि मध्ये कोठेतरी आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका एवढी व्यवस्था पुरेशी आहे. खोक्याची थट्टा करण्याचे कारण नाही. नेदरलँड्समधील एका प्राणी-निवाऱ्यात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लपायला खोका मिळालेली नवी मांजरे खोका न मिळालेल्यांपेक्षा लवकर स्थिरावल्याचे दिसून आले. लपणे हे मांजराचे आजारपण नसून भीतीवरील उपाय आहे. त्याला ओढून बाहेर काढले की तो उपाय हिरावला जातो.

पहिले दोन-तीन दिवस घरच्यांनी खोलीत जाऊन नुसते बसावे, वर्तमानपत्र वाचावे, हलक्या आवाजात बोलावे. टक लावून पाहणे मांजराच्या जगात धमकीसारखे असते. त्याउलट डोळे सावकाश मिटून उघडणे हे स्नेहाचे लक्षण समजले जाते. असे केल्यास अनोळखी माणसाकडेही मांजर अधिक सहज येते, असे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०२० मध्ये आढळले. शेजारपाजारची मुले ‘मनी’ पाहायला येतात तो आठवडा मात्र पुढे ढकलावा. मांजर मोकळेपणी खाऊ लागले, भांडे वापरू लागले आणि गाल दारा-खुर्च्यांना घासू लागले की दुसरी खोली उघडावी. गाल घासून ते स्वतःचा वास त्या वस्तूंवर ठेवत असते. त्या जागा लगेच पुसून काढू नयेत. कोणाला यासाठी चार दिवस लागतात, कोणाला तीन आठवडे.

शौचाच्या भांड्यात काय घालावे, हा प्रश्न वऱ्हाडात जरा निराळा आहे. कुंडीतली काळी माती सहज हाताशी असते, पण ओली झाली की ती पंजांना चिकटते आणि मग चादरीवर उमटते. बारीक, चाळलेली रेती बरी. मात्र बांधकामाच्या ढिगाऱ्यावरची रेती तशीच आणू नये. गल्लीतल्या सर्व मांजरांचे ते सार्वजनिक शौचालय असते. ती धुऊन कडक उन्हात वाळवावी. परवडत असल्यास दुकानात मिळणारी गोळा होणारी माती वापरावी. भांडे रोज साफ करावे आणि फिनाईलने धुऊ नये. फिनाईलसारख्या द्रव्यांचा निचरा करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते, आणि पंजे चाटताना ते पोटात जाते. संत्र्याच्या हंगामात टोपल्या आणि साली त्या खोलीत ठेवू नयेत. माणसाला प्रिय असलेला हा वास बहुतेक मांजरांना सोसत नाही, आणि भांडे त्याच्या शेजारी असेल तर ते भांड्याकडेच फिरकत नाही.

घरात गर्भवती स्त्री असल्यास मांजर काढून टाकण्याचा सल्ला हमखास दिला जातो. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती निराधार नाही, पण विष्ठेतील त्याची अंडी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. दुसऱ्या कोणी भांडे दररोज साफ केले आणि मांजराला कच्चे मांस दिले नाही, तर धोका अत्यल्प राहतो.

आता पाण्याविषयी, कारण वऱ्हाडात खरी अडचण येथेच आहे. पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी प्रदेशातले. भक्ष्याच्या शरीरातील पाण्यावर भागवायची त्यांची सवय, म्हणून मांजराला तहान कमी लागते. रानात उंदीर खाऊन हे चालून जाते. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या अकोल्याच्या मे महिन्यात कोरडे दाणेदार खाद्य खाणाऱ्या मांजराला ते भोवते. लघवी घट्ट होते, मूत्रमार्गात खडे व चिकट बुळा साचतो आणि विशेषतः बोक्याची लघवी अडते. बोका भांड्यात वारंवार बसतो, कण्हतो, पण थेंबही पडत नाही, असे दिसले तर त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजीत बसू नये. दोन-तीन दिवसांत प्राणावर बेतते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

यासाठी पाण्याची दोन-तीन रुंद भांडी घरात वेगवेगळ्या ठिकाणी, खाण्यापासून दूर ठेवावीत. उन्हाळ्यात मातीच्या पसरट भांड्यातले पाणी थंड राहते. खाण्यातही ओलावा असावा. कूलरच्या टाकीतले पाणी त्याला पिऊ देऊ नये, कारण त्यात डासांसाठी रॉकेल वा औषध टाकलेले असते. कूलरची जाळी काढून वूडवूल बदलताना पिल्लाला दुसऱ्या खोलीत कोंडावे. मागून उघडा पडलेला पंखा आणि कुतूहल यांची गाठ पडू देऊ नये. नळाला रोज पाणी येत नाही अशा वस्त्यांत ड्रम भरून ठेवलेले असतात. त्यांना झाकण हवेच, कारण गुळगुळीत ड्रममध्ये पडलेले पिल्लू वर येऊ शकत नाही. आणि मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर ते कुत्र्यासारखे सहज लक्षण नव्हे. त्याला सावलीत पंख्याखाली घ्यावे, अंग साध्या पाण्याने ओले करावे आणि दवाखान्यात न्यावे. बर्फाचे पाणी ओतू नये.

उन्हाळ्यातील रात्री हा पळून जाण्याचाही काळ. माणसे गच्चीवर झोपायला जातात, जिन्याचे दार सताड उघडे राहते. नायलॉनची जाळी नखांनी फाटते, खिडकीला तारेची जाळी लावावी. मांजर निसटलेच तर गल्लीभर हाका मारीत फिरण्यात अर्थ नाही. घाबरलेले मांजर बहुधा जवळच, जिन्याखाली किंवा उभ्या गाडीखाली दबून असते. रात्री सामसूम झाल्यावर बॅटरी व त्याचे आवडते खाणे घेऊन शोधावे.

खाण्याबाबत आपली म्हणही दिशाभूल करते. डोळे मिटून दूध पिणारे मांजर मराठीत अमर झाले आहे, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि जुलाब होतात. मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला मांसातूनच मिळावे लागते, ते कमी पडले तर दृष्टी जाते व हृदय दुबळे होते. दूध-पोळीवर ते जगते, पण झिजते. शाकाहारी घराला कोंबडी शिजवणे नको असेल तर तयार खाद्य हा प्रामाणिक मार्ग आहे, आणि तोही मान्य नसल्यास मांजर न पाळणेच बरे. घरचे द्यायचे तर बिनमिठाची उकडलेली कोंबडी वा अंडे पूरक म्हणून द्यावे. रश्श्यातले तुकडे देऊ नयेत, कारण कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. नव्या घरात पहिला दिवस त्याने तोंड लावले नाही तर चालते, मात्र मोठे मांजर दोन दिवस उपाशी राहिले तर यकृताला इजा होऊ लागते. पिल्लासाठी एक दिवसही पुष्कळ झाला.

घरगुती औषधांची हौस येथे जीवघेणी ठरते. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारायला पुरते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीची परमेथ्रिन असलेली औषधे त्याला लावू नयेत. गुच्छातील लिलीच्या फुलांचा परागही त्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतो.

पहिल्या आठवड्यात एकदा तपासणी करून घ्यावी. दोन्ही शहरांत शासनाचे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. अकोल्यात शिवाय स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. २००० साली नागपूरला स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या ती अखत्यारीत येते. जंताचे औषध, आठव्या आठवड्यापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने संयुक्त लस आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, असा साधारण क्रम असतो. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही रेबीजची लस हवी. लस न दिलेले मांजर चावले वा बोचकारले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन रुग्णालयात जावे. हळद-चुना भरू नये.

नसबंदी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान करावी. मांजरी चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत व्यालेली असते. तेव्हा ती पिल्ले कोणाच्या घरी द्यायची, हा प्रश्न घेऊन सारी ओळखीची घरे पालथी घालावी लागतात.