बॅटरी बदलण्यापूर्वी अल्टरनेटर तपासा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील आपल्या बऱ्याच व्यापारी बांधवांचा माल स्वतःच्या टेम्पोने बाजारात जातो. पहाटे तागे भरून तयार असावेत आणि गाडीने सेलच घेऊ नये, म्हणजे गिऱ्हाईकाला दिलेली जबान मोडते. मग घाईघाईने नवी बॅटरी आणली जाते आणि चार-दोन दिवसांत पुन्हा तोच प्रकार. मर्ज एक आणि इलाज दुसरा!

आम्ही कापडाचे व्यापारी, मेकॅनिक नव्हे. पण एवढे समजून घेणे कठीण नाही. बॅटरी वीज साठविते; चालत्या गाडीत वीज तयार करतो तो इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा अल्टरनेटर. आवक बंद पडली की गल्ला कितीही मोठा असो, रिकामा होणारच.

तपासणी बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू करावी. इंजिन बंद ठेवून बेल्ट पाहावा. तो सैल, चिरलेला किंवा घासून चकचकीत झाला असेल तर घसरतो व चार्जिंग कमी होते. नंतर बॅटरीची टर्मिनले पाहावीत. पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर साफ करून घट्ट आवळावीत. अर्थिंगची वायरही पाहावी.

आता चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, डॅशबोर्डवरील बॅटरीचा लाल दिवा पाहावा. तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच दिव्यातून मिळतो. त्यामुळे एवढासा बल्ब उडाला तरी चार्जिंग बंद पडू शकते.

त्यानंतर साध्या मीटरने मोजावे. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन सुरू केल्यावर हा आकडा साधारण १३.८ ते १४.४ असावा. तो १३ च्या खालीच राहिला तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीचे पाणी उकळून आटते. २४ व्होल्टच्या मोठ्या ट्रकमध्ये हे आकडे दुप्पट धरावेत. नव्या गाड्यांत चार्जिंगवर संगणकाचा ताबा असतो, तेथे कंपनीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

बॅटरीवर आकडा कमी, पण अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या टोकाशी बरोबर येत असेल, तर दोष मधल्या वायरीत किंवा फ्यूजमध्ये आहे. दोन्हीकडे कमीच असेल तर अल्टरनेटर उघडावा लागेल. तेव्हाही आधी कार्बन ब्रश, रेग्युलेटर आणि डायोड तपासून घ्यावेत. पुष्कळदा ब्रश झिजलेले असतात आणि त्यांची किंमत पूर्ण अल्टरनेटरच्या मानाने किरकोळ असते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर डायोडवरही संशय घ्यावा.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याची काही गॅरेजांत जुनी सवय आहे. डायनॅमोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटरमध्ये त्या झटक्याने डायोड आणि रेग्युलेटर जळू शकतात.

कापड घेताना आपण ताग्याचे माप स्वतः घेतो. गाडीचा सुटा भाग घेण्यापूर्वीही मीटरचा आकडा स्वतः पाहावा, मगच पैसे मोजावेत.