चोरीची अनावर ऊर्मी : शिक्षा हवी की उपचार?

पाकिटात पैसे असतात, वस्तूची गरजही नसते. तरीही दुकानात शिरल्यावर हात पुढे जातोच. या विकाराला मानसोपचारशास्त्रात ‘क्लेप्टोमॅनिया’ म्हणतात. अशी व्यक्ती पकडली गेली तर तिला तुरुंगात पाठवायचे की डॉक्टरांकडे?

विकार कसा ओळखतात?

चोरीआधी ताण वाढत जातो, चोरी करताना सुटल्यासारखे वाटते आणि नंतर अपराधी भावना छळते. चोरलेली वस्तू अनेकदा फेकून दिली जाते किंवा गुपचूप परत ठेवली जाते. पैशासाठी, रागातून किंवा भ्रमाच्या भरात केलेली चोरी यात बसत नाही.

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या ‘डीएसएम-५’ नियमावलीनुसार, सर्वसामान्य लोकांत याचे प्रमाण ०.३ ते ०.६ टक्के आहे. दुकानात चोरी करताना पकडलेल्यांत ते ४ ते २४ टक्के आढळते. म्हणजे पकडलेले बहुसंख्य लोक आजारी नसतात. त्यामुळे ‘आजार आहे’ एवढे सांगून सुटका होऊ नये, ही दुकानदारांची अपेक्षा रास्तच आहे.

कायदा काय सांगतो?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने ५ हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा ऐवज परत केला किंवा त्याची किंमत भरून दिली, तर समाजसेवेची शिक्षा आहे.

कलम २२ मनोविकाराचा बचाव देते. मात्र कृत्याचे स्वरूप किंवा ते चुकीचे आहे हेच कळत नव्हते, असे आरोपीला दाखवावे लागते. क्लेप्टोमॅनियात व्यक्तीला सगळे कळत असते, फक्त आवरत नसते. त्यामुळे हा बचाव सहसा टिकणे कठीण.

खरा पेच कुठे?

पुन्हा पुन्हा चोरी होणे हे या विकाराचे लक्षण. कायद्यात मात्र दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान १ आणि कमाल ५ वर्षे सक्तमजुरी आहे. म्हणजे आजार जितका स्पष्ट दिसू लागतो, तितकी शिक्षा कडक होते. कैदेत चोरीची संधी मिळत नाही, पण ऊर्मी तशीच राहते.

मधली वाट आहे का?

आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार न्यायालय दोषीला चांगल्या वर्तनाच्या हमीवर, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडू शकते. गुन्हा पुन्हा घडू नये म्हणून अटीही घालता येतात. उपचार घेणे आणि दुकानदाराची भरपाई करणे या दोन्ही गोष्टी अशा आदेशात बसू शकतात. यात गुन्हा माफ होत नाही, पण शिक्षेची दिशा बदलते.

उपचारांत विचार-वर्तन पद्धतीचे समुपदेशन आणि औषधे वापरतात. २००९ मध्ये अमेरिकेत २५ रुग्णांवर झालेल्या ८ आठवड्यांच्या चाचणीत ‘नाल्ट्रेक्सोन’ घेणाऱ्यांची चोरीची ऊर्मी लक्षणीय घटली. चाचणी लहान होती, तरी ही ऊर्मी कमी करता येते हे तिने दाखवले.

सांगली जिल्ह्याचा धडा

शिक्षेसोबत सुधारणेची संधी देणे या जिल्ह्याला नवे नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. याच प्रयोगावरून ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) चित्रपट निघाला. त्याची कथा आटपाडी तालुक्याच्याच ग. दि. माडगूळकरांची. तिथे कैद्यांवर वैद्यकीय उपचार होत नव्हते, विश्वास आणि देखरेख होती. पण भिंतींशिवायही शिक्षा भोगता येते, हे त्यातून दिसले.

याच मुलखाने उलटे टोकही पाहिले आहे. गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या समाजांवर जन्मानेच चोराचा शिक्का मारला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, संशय मात्र उरला. म्हणून श्रीमंताची ती ‘ऊर्मी’ आणि गरिबाची ती ‘सवय’, असा भेद नको. तपासणीची संधी दोघांनाही हवी.

घरच्यांनी काय करावे?

दुकानदाराला पैसे देऊन प्रकरण मिटवले की विकार झाकला जातो, थांबत नाही. पहिल्या प्रसंगानंतरच मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. प्रकरण न्यायालयात गेलेच, तर आधीपासून सुरू असलेल्या उपचारांची कागदपत्रे ऐनवेळी आणलेल्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलकी ठरतात.