प्राजक्ताचा सडा आपल्या अंगणात

श्रावणातल्या पहाटे प्राजक्ताखाली पांढऱ्या-केशरी फुलांचा सडा पडलेला असतो. ही फुलं संध्याकाळी उमलतात आणि उजाडताच गळतात. त्यामागे साधं कारण आहे. पांढरा रंग अंधारात उठून दिसतो, गंध दूरवर पोहोचतो आणि निशाचर पतंगांना फुलाचा माग लागतो. रात्रीच्या या फुलण्यावरूनच १७५३मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने प्राजक्ताला ‘निक्टँथस आर्बर-ट्रिस्टिस’ म्हणजे ‘रात्रीचं फूल, दुःखी झाड’ असं नाव दिलं. केशरी देठात क्रोसेटिनवर्गीय रंगद्रव्य असतं. केशराचा रंगही त्याच वर्गातला, म्हणून पूर्वी या देठांनी रेशीम रंगवत.

लागवड सोपी आहे. चपट्या फळात दोन बिया असतात. त्या पावसाळ्याच्या तोंडावर पेराव्यात किंवा फांदीचं छाट लावावं. रोज पाच-सहा तास ऊन मिळेल आणि पाणी साचणार नाही, अशी जागा निवडा. मोठ्या कुंडीतही झाड छान वाढतं. बहर संपल्यावर हलकी छाटणी करा. नव्या फुटव्यांवर पुढची फुलं येतात.

उन्हाळ्याच्या सुमारास झाडाची पानं गळतात. ‘झाड वाळलं’ असं समजून अनेक जण ते उपटून टाकतात. तसं करू नका. फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं, तर झाड जिवंत आहे. बेताचं पाणी देत राहा, पावसाबरोबर पालवी फुटेल.