थंड पाण्यात मुरवलेली कॉफी : करावी कशी, प्यावी किती

शिवऱ्याहून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी रोज पुण्याला जा-ये करणाऱ्या तरुण मंडळींनी गेल्या काही वर्षांत ‘कोल्ड ब्रू’ हा प्रकार घरी आणला आहे. त्याविषयी दवाखान्यात दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, या कॉफीने पित्त होत नाही. आणि दुसरी, ती सौम्य असते. पहिली अर्धवट खरी आहे. दुसरी साफ चुकीची आहे, आणि काळजीचे कारणही तीच आहे.

दूध, साखर व बर्फ घुसळून आपण करतो ती कोल्ड कॉफी वेगळी. येथे कॉफीची पूड उकळायचीच नाही. थंड पाण्यात रात्रभर मुरू द्यायची. यासाठी झटपट विरघळणारी कॉफी चालत नाही. रव्यासारखी भरड दळलेली पूड हवी, तीही चिकोरीशिवायची. आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांत चिकोरी मिसळलेली असते व तिचे प्रमाण पाकिटावर छापलेले असते, ते वाचून घ्यावे.

काचेच्या स्वच्छ बरणीत ५० ग्रॅम पूड आणि ४०० मिलिलिटर पाणी घालून ढवळावे, झाकण लावावे आणि बारा ते सोळा तास फ्रिजमध्ये ठेवावे. नंतर स्वच्छ सुती कापडातून गाळावे. पाणी आधी उकळून गार केलेलेच घ्यावे, हे मी मुद्दाम सांगतो. चहा आपण उकळतो, त्यामुळे पाण्यातले बरेचसे जंतू आपोआप मरतात. या कॉफीत ती सोय नाही. पावसाळ्यात विहिरीचे गढूळ पाणी तसेच वापरले, तर कॉफीबरोबर जुलाब किंवा कावीळही पोटात जाऊ शकते. गाळण्याचे फडकेही उकळून घ्यावे. ओट्यावर किंवा माठाशेजारी बरणी ठेवणे बरोबर नव्हे. गाळलेला अर्क तीन दिवसांत संपवावा, आणि दूध घालायचे ते पिण्याच्या वेळीच.

आता हिशेब पाहू. अरेबिका जातीच्या कॉफीत वजनाच्या सुमारे १.२ टक्के कॅफिन असते. रोबस्टात जवळजवळ त्याच्या दुप्पट. म्हणजे ५० ग्रॅम अरेबिकात ६०० मिलिग्रॅम झाले. थंड पाण्यात कॅफिन सावकाश उतरते, पण त्याला सबंध रात्र मिळते. गाळून हाती येणाऱ्या सुमारे ३०० मिलिलिटर अर्कात त्यातले दोनतृतीयांश आले असे धरले, तरी ४०० मिलिग्रॅम होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारविषयक सूचनांत दिवसाची मर्यादा ३०० सांगितली आहे. दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. तेवढाच हा अर्क पाणी न घालता प्यायला, तर सुमारे २०० मिलिग्रॅम पोटात जाते. पूड रोबस्टाची असेल तर आणखी बरेच. कडवट लागत नाही म्हणून माणूस सरबतासारखा पितो आणि मग छातीत धडधडते, हात थरथरतात, म्हणून तपासायला येतो! म्हणून पाव कप अर्कात तेवढेच किंवा दुप्पट पाणी वा दूध घालावे.

पित्ताविषयी सांगायचे, तर २०१८ साली अमेरिकेत गरम व थंड कॉफीची तुलना झाली. दोन्हींचा आंबटपणा मोजपट्टीवर जवळपास सारखाच भरला. गरम कॉफीत एकूण आम्ले मात्र जास्त निघाली. त्यामुळे थंड कॉफी जिभेला मऊ लागते, हे खरे. पण जळजळीला कॅफिनही हातभार लावते आणि ते येथे भरपूर आहे. ज्यांना कॉफीने जळजळ होते, त्यांनी थंड प्रकाराचे औषध समजू नये.

कॅफिन शरीरातून निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात. दुपारी चार वाजता २०० मिलिग्रॅम घेतले, तर रात्री नऊला १०० उरलेले असते. परीक्षेच्या दिवसांत मुले रात्री ही कॉफी पितात आणि सकाळी पेंगतात, त्याचे कारण हेच. आपले गाव महामार्गावरचे, त्यामुळे वाहनचालकांसाठी दोन शब्द. कॉफीने झोप लांबते, भरून निघत नाही. तिचा असर व्हायला अर्धा तास लागतो. डोळे मिटू लागले असता बाटली रिकामी करून खंबाटकी घाट चढणे, हा वेडेपणा आहे. गाडी बाजूला सुरक्षित लावून, कॉफी घेऊन वीस मिनिटे डुलकी काढावी. तरीही जड वाटले तर पुढे जाऊच नये.

गरोदरपणी कॅफिन शरीरात फार वेळ रेंगाळते. दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते, तीत चहाही आला. मी तर या दिवसांत हा अर्क नकोच म्हणतो. रक्तदाब वा हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असताना कॅफिन लवकर बाहेर पडत नाही, म्हणून तेवढे दिवस कॉफी बंद ठेवावी. थायरॉईडची गोळी पाण्याबरोबर घेऊन तासभराने कॉफी घ्यावी. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या भगिनींनी जेवण व गोळी यांच्या आगेमागे एक तास चहा-कॉफी दोन्ही टाळावीत.