सांदवाडी ते चूल (भाग 7) : वेल उपटायची घाई नको

भादवा सरत आला की कळमेश्वरच्या बाजारात भाजीचे भाव चढतात, दरवर्षी चढतात. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात, त्यांच्या पाठोपाठ पितृपक्ष येतो. नेमके तेव्हाच पावसाळी वेल थकलेले असतात, आणि थंडीची मेथी, पालक, फुलकोबी अजून वाफ्यातच असते. तालुक्यातून नागपूरला एवढी भाजी जाते, म्हणून इथे ती फुकट मिळेल असं कुणी समजू नये. सांदवाडीची (म्हणजे घरच्या परसबागेची) खरी कसोटी लागते ती याच दिवसांत. पण नेमक्या याच दिवसांत आपण कुदळ घेऊन सगळं साफ करायला निघतो!

जरा थांबा. पानं पिवळी पडली म्हणजे वेल संपला असं नाही. कोहळ्याचंच घ्या (पुण्यामुंबईकडचे वाचक याला तांबडा भोपळा म्हणतात). त्याचे कोवळे शेंडे लसूण-मिरचीच्या फोडणीत परतले की सकाळच्या भाकरीची सोय होते. फुलं दोन जातीची असतात. जिच्या देठाशी चिमुकलं कोहळं दिसतं ती मादी, तिला हात लावू नका. नुसत्या लांब देठाची ती नर. ती सकाळी मधमाश्यांची फेरी झाल्यावर खुडा आणि बेसनात बुडवून तळा. दोन-चार नर फुलं मात्र वेलावर राहू द्या.

फळ कधी काढायचं? नख रुतवून पाहा. साल नखाला दाद देत नसेल आणि देठ वाळून बुचासारखा झाला असेल, तर फळ तयार आहे. तोडताना दोन-तीन बोटं देठ ठेवाच, कारण देठ मुळाशी तुटला की तिथूनच कुजायला सुरुवात होते. धुवू नका. आठ-दहा दिवस कोरड्या, हवेशीर सावलीत ठेवा. मग चुंबळीवर किंवा शिंक्यात टांगून कोहळं काही महिने सहज टिकतं. फ्रिज नसलेल्या घराची ही हक्काची बेगमी. एकदा कापलं की मात्र दोन-तीन दिवसांत संपवायचं, म्हणून मोठं कोहळं शेजारच्या काकूंशी वाटून घेतलेलं बरं.

कोहळ्याचे बोंड आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत, तरी एक गोष्ट सांगतोच. दोन वाट्या कीस वाफवून तो गरम असतानाच वाटीभर गूळ घाला, चिमूटभर मीठ आणि वेलची घाला. गार झाल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक आणि चमचाभर रवा. पाण्याचा थेंबही नको, कोहळंच पाणी सोडतं. पीठ सैल झालं की बोंड तेल पितात आणि काटकसर कढईतच बुडते. बिया फेकू नका, धुऊन वाळवा आणि तव्यावर भाजा, पोरं सोलत बसतात.

दोडक्याच्या शिरांची तिळाबरोबर चटणी होते, ते सांगायला नको. बरबटीच्या (चवळीच्या) जून शेंगांना मात्र लोक उगाच नाकं मुरडतात. त्या वेलावरच वाळू द्या. दाणे निघाले की उसळ करा, नाहीतर भिजवून वाटा आणि वडे करा. धोप्याची (अळूची) पानं आता जून होऊन घसा खाजवायला लागतात. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुयांमुळे हे होतं. चिंचेचा कोळ सढळ हाताने घालून पानं नीट शिजवली की त्रास कमी होतो. अंबाडीला तर तोड नाही. तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, वरून भुरका.

इथे एक इशारा. घरच्या बियाण्यावरची लवकी (दुधी) किंवा दोडका चिरताना आधी एक चकती चाखून पाहा. कडू लागली तर थुंका आणि अख्खं फळ टाकून द्या. कडूपणा कुकुरबिटासिनचा असतो, तो शिजवून जात नाही आणि माणसाला उलट्या-जुलाबांनी आडवं करू शकतो. तिथे काटकसर नको.

बियाण्याचाही आत्ताच विचार करा. बरबटी बहुतेक आपल्याच परागाने फळते, म्हणून तिचं बी बेलाशक ठेवा. कोहळ्याचं तसं नाही. मधमाशी शेजारच्या वाडीतला पराग आणते, आणि पुढच्या वर्षी काय उगवेल त्याचा भरवसा नसतो. पुडीवर ‘हायब्रीड’ लिहिलेलं असेल, तर त्याच्या फळातलं बी ठेवण्यात अर्थ नाही.

आता नव्या पेरणीकडे. हस्त संपून चित्रा लागते 10-11 ऑक्टोबरच्या सुमारास, आणि त्याच सुमारास मान्सून विदर्भातून काढता पाय घेतो. मेथी, पालक, मुळा सप्टेंबरअखेर टाकता येतात. सांभाराची (कोथिंबिरीची) मात्र घाई करू नये. ऑक्टोबरच्या उन्हात काळी माती तापते आणि तापलेल्या मातीत धने नीट उगवत नाहीत. पेरायचेच असतील तर वेलाच्या मांडवाखालच्या सावलीत पेरा. वेल ठेवायला सांगतोय त्याचं हेही एक कारण आहे.

माती वाफशावर आली की नाही ते मुठीत धरून कळतं. मुठीत दाबून गोळा करा आणि अंगठ्याने ढोसा. फुटला तर खुरपं लावा, चिकटून राहिला तर अजून दोन दिवस वाफ्यात पाय ठेवू नका. ओली काळी माती तुडवली की तिची वीट होते आणि हिवाळाभर तीच वीट फोडत बसावं लागतं.

बी दुकानातूनच आणायला हवं असं नाही. डब्यातली मेथी उगवते. धनेही उगवतात, फक्त एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून जाड कापडावर पसरून वरून लाटणं फिरवा. ते दुभंगायला हवेत, भुगा नको. रात्रभर भिजवा, बोटभर खोल ओळीत टाका, वरून ओलं पोतं अंथरा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसले की त्याच संध्याकाळी पोतं काढा, उशीर झाला तर कोंब त्यातच अडकतात. मेथी चार-पाच दिवसांत वर येते आणि महिन्याभरात कापायला होते. दर दहा दिवसांनी एकेक हातभर वाफा टाकत गेलात, तर सगळी एकदम जून होत नाही.

पुढच्या आठवड्यात वांगी आणि भेदऱ्यांच्या (टोमॅटोच्या) रोपांबद्दल. तोवर घरातले धने पाहून ठेवा, अख्खे आणि या वर्षीचे.