मत्स्यबीजातील जातींची ओळख

मत्स्यबीजातील जातींची ओळख : कटला, रोहू व मृगळ हे गोड्या पाण्यातील मासे एकाच सिप्रिनिडी कुलातील असून त्यांची पिले प्रारंभी परस्परांसारखी दिसतात. अंड्यातून निघाल्यावर सु. तीन दिवसांत पीतक संपते, सु. ६ ते ८ मिमी. लांबीच्या या पिलांना मत्स्यव्यवसायात ‘मत्स्यजिरे’ हे समर्पक नाव आहे. सु. २५ मिमी. लांबीच्या पिलांस मत्स्यबीज व बोटाएवढ्या पिलांस बोटुकली म्हणतात.

कटला पृष्ठभागालगतच्या, रोहू मधल्या व मृगळ तळाच्या थरातील अन्नावर वाढतो. म्हणून तळ्यात तिन्ही जाती ठराविक प्रमाणात सोडतात. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण भागात या प्रमाणास विशेष महत्त्व आहे. तेथे तेरणा व तावरजा या मांजरेच्या उपनद्यांच्या परिसरातील तलाव पावसाळ्यात भरतात व पुष्कळसे उन्हाळ्यात आटतात. २०१६ मध्ये तर लातूर शहरास रेल्वेने पाणी पुरवावे लागले. तलाव आटला की बीज पुन्हा विकत आणणे भाग पडते आणि कटल्याऐवजी मृगळच अधिक आल्याचे कित्येक महिन्यांनी, म्हणजे हंगाम हातचा गेल्यावर, ध्यानात येते.

मत्स्यजिऱ्यात जात ओळखणे अतिशय अवघड असते. मत्स्यबीजात मात्र फरक स्पष्ट होतात. कटल्याचे डोके मोठे, अंग रुंद व कल्ल्याचे झाकण जिवंतपणी तांबूस असते. शेपटीच्या देठावर ठळक डाग नसतो. रोहूचे डोके लहान, ओठ झालरीसारखे असून देठावर गडद डाग असतो. मृगळ सडपातळ, पातळ व बिनझालरीच्या ओठांचा. त्याचा डाग कोनदार, बहुधा शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. कानशी या जातीचे पिलू काळपट असून त्यास मिशांच्या दोन जोड्या असतात.

केवळ मोजमापांवर विसंबणे धोक्याचे आहे. वाढीबरोबर डोक्याचे शरीराशी असलेले प्रमाण बदलते. त्यामुळे १२ मिमी.चा कटला व २० मिमी.चा रोहू यांची तुलना निरर्थक ठरते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेली पिले आकसतात, हेही विसरून चालत नाही. स्नायुखंडांची संख्या मात्र वाढीने फारशी बदलत नाही, म्हणून डिंभांच्या अभ्यासात ती अधिक भरवशाची मानतात. अलीकडे छायाचित्रावर डोळा, मुखाग्र, पक्षांची मुळे इ. ठराविक बिंदू घेऊन, लहानमोठेपणाचा प्रभाव वगळून, केवळ आकाराची तुलना संगणकावर करतात.

१९५७ मध्ये हीरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काने कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तत्पूर्वी बीज प्रामुख्याने नद्यांतून गोळा होई व त्यात नको असलेल्या जातींची भेसळ अटळ असे. ती अडचण प्रेरित प्रजननाने पुष्कळ कमी झाली. परंतु एकाच कुंडात अनेक जातींची पैदास केल्यास संकर होतात. कटला-रोहू संकराची ठेवण दोहोंच्या मधली असल्याने ती नजरेला हमखास चकवते. अशा वेळी डीएनए तपासणीच निर्णायक ठरते.