परतीची वाट

नरसिंहपूर पुणे जिल्ह्याच्या अगदी टोकाला, नीरा-भीमेच्या संगमावर. इथली मुलगी बी.एस्सी.साठी एसटीने इंदापूर-बारामती गाठते, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. देशभरात तेच चित्र आहे. २०२१-२२च्या उच्च शिक्षणाच्या पाहणीत विज्ञान शाखेतल्या ५७.२ लाख विद्यार्थ्यांपैकी २९.८ लाख मुली होत्या. मग २०१८ साली देशातल्या शंभर संशोधकांत स्त्रिया जेमतेम सतरा, त्या का?

'घरसंसार' हे उत्तर आपण फार घाईने देतो. १९३३ साली कमला भागवत पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा त्यांचा संसार सुरूही झाला नव्हता. तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर काम पाहू मग ठरवू, या मानहानीच्या अटीवर घेतलं. १९३९मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमला सोहोनी म्हणून त्यांनी नीरा या पेयाच्या पोषणमूल्यावर मोलाचं काम केलं, तरी संचालकपदासाठी त्यांना ताटकळावं लागलं. अडवणूक घरात नव्हती, कचेरीत होती.

मंगला नारळीकरांची गोष्ट वेगळी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचं काम सुरू असताना १९६६ला लग्न झालं, मग केंब्रिज, तीन मुली, घरचं सगळं. पीएच.डी. झाली १९८१ला. त्यांच्या चिकाटीचं कौतुक करताना मला ती मधली पंधरा वर्षं विसरवत नाहीत. त्यांना परत येता आलं. किती जणींना आलं नसेल!

भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले आणि सहकाऱ्यांनी २०१०च्या अहवालात पीएच.डी. होऊनही घरी बसलेल्या स्त्रियांना कारण विचारलं. बहुतेकींनी सांगितलं, हवी तशी नोकरीच मिळाली नाही. केंद्राच्या महिला शास्त्रज्ञ योजनेने खंड पडलेल्यांना पुन्हा प्रयोगशाळेत आणलं खरं, पण तो आधार तीन वर्षांच्या प्रकल्पापुरता. प्रकल्प संपेतो वय वाढलेलं, कायम पदाची वयोमर्यादा उलटलेली.

आता नरसिंहपूरच्या मुलीकडे परत येऊ. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, क्षार हे तिचे विषय. नीरा कालव्याच्या पट्ट्यातली क्षारपड जमीन लहानपणापासून पाहिलेल्या मुलीला तो प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. पण प्रयोग रात्री उशिरा संपला तर गावाकडची एसटी निघून गेलेली असते. आवारात वसतिगृहाची खोली हवी. पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर असावं, हे २०१७च्या कायद्याने ठरवलंच आहे. कायम पदांच्या जाहिरातीत बाळंतपणाची वर्षं वयातून वजा व्हायला हवीत, आणि हे काम मुलाखतीच्या टेबलावर नव्हे, नियमातच व्हावं.